होस्टिंगपंत

लग्नाच्या पंगतीत ‘आम्ही दुकानाची वेबसाइट काढतोय’ एवढं वाक्य जरा मोठ्याने म्हणून बघा. चार पानं सोडून बसलेले एक गृहस्थ मठ्ठ्याची वाटी खाली ठेवतील आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतील, ‘होस्टिंग कुठलं घेताय?’ हे होस्टिंगपंत. ‘अजून ठरलं नाही’ असं म्हणालात की तुम्ही संपलात. जिलबीवाला दोनदा येऊन जातो, पंतांचं पान तसंच आणि तुमचंही.

पंत कोथरूडला असतात, तसे तालुक्याच्या गावीही असतात. वय पन्नाशीच्या पुढे. बहुधा एखाद्या बँकेच्या नाहीतर विमा कंपनीच्या संगणक विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी पेनड्राइव्ह. सल्ल्याचे पैसे ते घेत नाहीत आणि म्हणूनच महाग पडतात. पैसे मोजून आणलेल्या माणसाला ‘एवढं कशाला हो?’ असं विचारता येतं. फुकट राबणाऱ्याला कुठल्या तोंडाने विचारणार?

पंतांचा स्वभाव समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं. जिओसिटीज नावाची एक सेवा १९९४ साली सुरू झाली. तिथे कुणालाही फुकटात वेबपान थाटता यायचं. पंतांनी तिथे आपल्या कुलदैवताचं पान केलं होतं. दोन्ही बाजूंना हलत्या ज्योतीच्या समया, मध्ये देवाचा फोटो, खाली ‘आपण ३१२वे भाविक आहात’ असं सांगणारा आकडा आणि त्याखाली ‘मराठी अक्षरे दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्यावा’ अशी नम्र सूचना. ३१२ पैकी तीनशे वेळा ते पान पंतांनीच उघडलं असावं, पण तो मुद्दा वेगळा. १९९९ साली याहूने ती सेवा विकत घेतली आणि २००९ साली अमेरिकेतलं ते दुकान बंद केलं. समया विझल्या. तेव्हापासून फुकट जागा आणि सामाईक जागा या दोन्हींवरून पंतांचा विश्वास उडाला तो उडालाच.

होस्टिंग समजावून सांगायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं, शेजाऱ्याकडे बारसं निघालं की तुमच्या नळाचं पाणी जातं. व्हीपीएस म्हणजे फ्लॅट. इमारत एकच, पण भिंती आणि मीटर स्वतंत्र. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे बंगला. सगळं तुमचं, गळकं छप्परसुद्धा. आणि क्लाउड म्हणजे लॉज, लागतील तेवढ्या खोल्या घ्या, राहाल तेवढ्याचं बिल भरा. दाखला खरं म्हणजे चोख आहे. फक्त फ्लॅटपाशी पोचल्यावर पंतांना स्वतःच्या सोसायटीचा पुनर्विकास आठवतो आणि पुढचा अर्धा तास एफएसआय, कॉर्पस फंड आणि पार्किंगमध्ये जातो. ऐकणारा उठतो तेव्हा होस्टिंगचं त्याला काही कळलेलं नसतं, पंतांच्या बिल्डरबद्दल मात्र त्याचं पक्कं मत झालेलं असतं.

देवगडकडचे एक आंबा बागायतदार असेच त्यांच्या हाती लागले. त्यांना हवं होतं ते एवढंच: बागेचे फोटो, पेटीचे दर आणि व्हॉट्सअॅपचा नंबर. पंतांनी लॅपटॉप उघडला, काळी खिडकी आणली, ‘पिंग’ असं लिहून ठसक्यात एंटर मारला आणि पांढरे आकडे भराभरा खाली सरकू लागले. ‘हा बघा मुंबईचा सर्व्हर, वीस-पंचवीस मिलिसेकंद. आणि हा अमेरिकेतला, अडीचशेच्या घरात!’ यात खोटं काही नाही. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं असेल तर सर्व्हर मुंबईत असलेला बरा, आणि अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपलं केंद्र उघडल्यापासून तसा तो मिळवणंही अवघड राहिलेलं नाही. बागायतदारांनी मान डोलावली. इथेच थांबायला हवं होतं.

पण पंत पुढे सरसावले. ‘आता समजा, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी तुमच्या साइटवर एकदम पन्नास हजार माणसं आली, तर?’

‘पन्नास हजार?’ बागायतदार म्हणाले. ‘अहो पंत, माझा सगळा माल आठशे पेटी!’

पंतांना हा मुद्दा गौण वाटला. होस्टिंग निवडताना आधी विचारायचा प्रश्न हाच आहे की माणसं येणार किती आणि येऊन करणार काय. पंत तो विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा फार बारीक निघतं. दिवसाला शे-दोनशे माणसं येऊन दर बघणार आणि फोन लावणार, एवढ्या कामाला बरं शेअर्ड होस्टिंग पुरतं आणि उरतं. हे कबूल केलं तर पंतांनी पुढे बोलायचं काय?

शेवटी कंटाळून बागायतदारांनी विचारलं, ‘मगे माका ह्यातला काय घेवक होया?’ पंतांनी व्हीपीएस घ्यायला लावला. तोही अनमॅनेज्ड, कारण तो स्वस्त पडतो. स्वस्त पडतो याचं कारण असं की सर्व्हरची झाडलोट, अपडेट, सुरक्षा, सगळं मालकाने बघायचं असतं. ‘त्याची काळजी नको, मी आहे ना,’ पंत म्हणाले. हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

साइट सुरू झाली आणि गोगलगायीसारखी उघडू लागली. पंतांनी रॅम दुप्पट करून घेतली. मग एक दिवस बागायतदारांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सहज तपासलं, तर पहिल्याच पानावर बागेचे आठ फोटो मोबाइलमधून थेट उचलून टाकलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. म्हणजे पेटीचा दर बघायला आलेल्या माणसाला आधी चाळीसेक एमबी उतरवून घ्यावे लागत होते. तिने प्रत्येक फोटो दीडशे केबीवर आणला. साइट झटक्यात उघडू लागली. पंतांनी याचं श्रेय रॅमला दिलं.

आजकाल पंतांमध्ये एक तरुण पोटजातही निघाली आहे. हे थोरल्या पंतांचे भाचे-पुतणे. यांचा धर्म उलटा: होस्टिंगला पैसे देणारा माणूस मूर्ख. ‘काका, गिटहबवर टाकून देतो, झिरो कॉस्ट!’ गिटहब पेजेसची सोय २००८ पासून आहे आणि साध्या, न बदलणाऱ्या पानांसाठी ती उत्तमच आहे. गावच्या वाचनालयाची माहिती, एखाद्याचा कवितासंग्रह, ट्रेकिंग ग्रुपचं वेळापत्रक तिथे सुखाने नांदतं. पण ऑनलाइन धंदा चालवायला ही जागा नाही, असं त्यांच्या नियमांतच लिहिलंय. शिवाय ग्राहकाने भरलेला फॉर्म घ्यायला तिथे मागे कुणी बसलेलं नसतं. धाकटे पंत फॉर्म झकास रंगवून देतात. ग्राहक नाव, पत्ता, पेट्यांची संख्या भरतो, बटण दाबतो. ती ऑर्डर कुठे जाते हे धाकटे पंतही सांगू शकत नाहीत.

थोरल्या पंतांचे उपकारही मानले पाहिजेत. कंपनीचं बिल आलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि खालची बारीक अक्षरं आधी वाचतात. दरमहा दीडशे रुपयांचा झळकणारा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यालाच आहे, वर १८ टक्के जीएसटी आहे, आणि मुदत संपल्यावरचा भाव दुप्पट-तिप्पट होणार आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. लेट्स एन्क्रिप्टकडून कुलपाचं प्रमाणपत्र फुकट मिळत असताना कुणी त्याचे वेगळे दोन-तीन हजार लावले, तर ती ओळ पंत लाल पेनाने खोडतात. ‘अनलिमिटेड’ या शब्दाला तर ते हसतातच, कारण जागा अमर्याद दिली तरी फाइलींची संख्या मोजून दिलेली असते. ‘९९.९ टक्के चालू’ या जाहिरातीचाही हिशेब त्यांनी करून ठेवलाय: वर्षात पावणेनऊ तास बंद. ‘ते पावणेनऊ तास नेमके अक्षय्य तृतीयेला आले म्हणजे?’ इथे त्यांचा आवाज खाली येतो.

आणि मग फ्रान्समधली आग. पंतांच्या कीर्तनातलं हे उत्तररंगातलं आख्यान. १० मार्च २०२१, स्ट्रासबूर्ग, ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक. हजारो साइट बंद. काही जणांच्या बॅकअपच्या प्रतीही तिथल्याच आवारात होत्या, त्याही गेल्या. पंत हे इतक्या तपशिलाने सांगतात की बंब त्यांनीच बोलावला असावा असं वाटतं. बागायतदारांनी भीत भीत विचारलं, ‘मग आपला बॅकअप कुठे आहे?’

‘रोज रात्री आपोआप होतो,’ पंत म्हणाले. ‘त्याच सर्व्हरवर.’

पण होस्टिंग चुकीचं घेतलं तर निदान बदलता येतं. फाइली आणि डेटाबेस उचलायचा, दुसरीकडे न्यायचा, एखाद्या शनिवार-रविवारचं काम. खरी मेख असते डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या नावात. पंत सगळं स्वतः करतात, त्यामुळे नाव घेतानाही त्यांचाच ईमेल, त्यांचाच फोन, त्यांचाच पासवर्ड. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ईमेलवर जात राहतात आणि पंत मुलीकडे कॅनडाला सहा महिने. ऐन एप्रिलमध्ये साइट उघडेना, तेव्हा बागायतदारांना कळलं की आपल्या बागेचं नाव इंटरनेटवर आपलं नाहीच. पंतांना व्हिडिओ कॉल लागला. मागे बर्फ दिसत होतं. पासवर्ड खिशातल्या पेनड्राइव्हवर होता आणि तो शर्ट पुण्याच्या कपाटात होता.

तेव्हा तुमच्या दुकानाची, दवाखान्याची, मंडळाची साइट एखाद्या पंतांनी उभी करून दिली असेल, तर सर्व्हर चाळीत आहे की बंगल्यात याची चिंता तूर्त बाजूला ठेवा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आज रात्री जेवणं झाली की बघून घ्या. पंतांच्या नावावर निघालं तर त्यांना फोन करा. ते लगेच उचलतील. तास-दीड तास हाताशी ठेवा, आणि पुनर्विकासाचं तुम्ही होऊन काढू नका.