होतकरू व्याधांसाठी सूचना

सगळ्यात आधी घरी सांगा. "शनिवारी पहाटे चारला उठून मी झाडावर जाऊन बसणार आहे," हे वाक्य मराठी घरात न अडखळता म्हणता येईपर्यंत धनुष्याला हात लावू नये. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. माझ्या बायकोनं फक्त "किती वाजेपर्यंत?" एवढंच विचारलं, त्यावरून तिला कल्पना फारशी वाईट वाटली नसावी. धनुष्याची किंमत मात्र डॉलरमध्येच सांगा. ऐकणाऱ्याला मनातल्या मनात गुणाकार करायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात विषय बदला.

हा छंद भारतात करू नये. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि चितळावर बाण सोडणाऱ्याची जागा तुरुंगात आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं रात्री गाडीला आडवी येतात आणि राज्य सरकार स्वतःच परवाने विकतं. बंदूक सोडून धनुष्य का, असं कोणी विचारलं तर सांगा की बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सुमारास जेमतेम ९ दिवसांचा, धनुष्याचा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारी उजाडेपर्यंत. शिवाय एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक विकत घेता येत नाही. त्यातून सुटतो कोण? ज्याच्याकडे शिकारीचा परवाना आहे तो! धनुष्याला ही भानगडच नाही.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. माझ्या वर्गात बारा-तेरा वर्षांची पोरं होती आणि मी होतो. समोर नक्की काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे कळल्याशिवाय नेम धरू नका, हा तिथला मोठा नियम. तो मला आजीनं केव्हाच शिकवला होता. दशरथानं घागर बुडाल्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. पंडूनं जोडीत रमलेलं हरीण मारलं, ते निघाले किंदम ऋषी. जरा नावाच्या व्याधाला झाडीत हरणाचं तोंड दिसलं, तो कृष्णाचा पाय होता. आपल्या पुराणांतल्या निम्म्या शोकांतिका या कोर्सनं टळल्या असत्या. आणि शिवरात्रीच्या कथेतला तो व्याध? रात्रभर बेलाच्या झाडावर बसून हरणाची वाट पाहणारा? इथल्या मंडळींना वाटतं ट्रीस्टँड त्यांनी काढला.

त्या व्याधाला हार्नेस नव्हता, तुम्ही मात्र घाला. या छंदात माणसं जायबंदी होतात ती बहुतेक झाडावरून पडून. चढायला लागल्यापासून पाय जमिनीला टेकेपर्यंत पट्टा अंगावर हवा.

धनुष्य कंपाउंड घ्या. मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. टोकांना कप्प्या असतात. साठ पाऊंडांची दोरी खेचताना सुरुवातीला खांदा निखळतोय असं वाटतं, पण पूर्ण ताणली की हातावर दहा-बारा पाऊंडच उरतात. मग हरीण एक पाऊल पुढे टाकेपर्यंत तुम्ही थरथरत उभे राहू शकता. जुन्या लाकडी धनुष्याचे भक्तही इथे आहेत. त्यांचा मूळ गुरू इशी. ‘याही’ नावाच्या जमातीतला हा एकटा उरलेला माणूस १९११ साली कॅलिफोर्नियात ऑरोव्हिल गावाजवळ बाहेर आला आणि त्यानं सॅक्स्टन पोप या डॉक्टरला धनुर्विद्या शिकवली. १९१६ साली इशी वारला. १९६१ साली शिकाऱ्यांचा क्लब निघाला, त्याचं नाव पोप आणि त्याचा धनुर्धारी मित्र यंग या दोघांवरून. इशीच्या नावानं एक पारितोषिक आहे. एकलव्याचा निदान अंगठाच गेला होता.

आता जागा. जमीन दोन प्रकारची: सरकारी, म्हणजे सगळ्यांची, आणि खासगी, म्हणजे एकाची. दोन्हीकडे तुमची नसते.

सरकारी जंगलात झाडाला खिळा मारायचा नाही, फांदी तोडायची नाही. हायवे ६४ च्या दक्षिणेला, म्हणजे माझ्या भागात, मचाण रोज उतरवून परत न्यायचं. म्हणजे वीस पाऊंडांचं लोखंड पाठीवर घेऊन अंधारात मैलभर चालायचं, आणि पोचल्यावर दिसतं काय, तर तुमच्या झाडावर कोणाचा तरी हेडलॅम्प लुकलुकतोय. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली पद्धत इथे चालत नाही. मुकाट्यानं मागे फिरा. भांडलात तर हरीण दोघांनाही मिळणार नाही.

खासगी जमिनीसाठी शेतकऱ्याकडे जावं लागतं. कुंपण नाही, पाटी नाही म्हणजे मोकळं रान, असं समजू नका. विस्कॉन्सिनमध्ये पाटी नसली तरी परवानगी लागतेच. जुलैत जा, दिवसाढवळ्या जा, ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून जाऊ नका. एकूण मुलगी बघायला गेल्यासारखं वागा: पायपुसण्यावर बूट घासा, गाईंची चौकशी करा, विषय लगेच काढू नका. मी चकल्या नेल्या होत्या. म्हाताऱ्यानं एक मोडून हुंगली, खाल्ली, दुसरी घेतली आणि मला विचारलं, "गवताचे गठ्ठे उचलता येतात?" तीन शनिवार मी त्याच्या माळ्यावर गठ्ठे रचले. माझे हात सोलून निघाले, शर्टाच्या आत आठवडाभर कुसळं टोचत राहिली. चौथ्या शनिवारी त्यानं मक्याच्या कडेच्या एका ओककडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "फाटक लावत जा." करार एवढाच. फाटक मी प्रत्येक वेळी दोनदा हलवून बघतो.

नेमबाजी अंगणात शिकता येते, वारा शिकता येत नाही. हरणाला तुमचं केशरी जाकीट मळकट दिसतं, निळी जीन्स मात्र स्वच्छ दिसते, त्यामुळे ती घरी ठेवा. पण त्याचे डोळे चुकवता येतात, नाक नाही. बिनवासाचा साबण वापरा, कपडे वाळक्या पानांसकट बंद डब्यात ठेवा. माझं जाकीट स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खुंटीवर होतं.

ऑक्टोबरातली संध्याकाळ. एक मादी ओकखाली आली, पंधरा यार्डांवर. ती एकोर्न चावत होती आणि त्याचा कुटुककुटुक आवाज मला वर ऐकू येत होता. एक कान पुढे, एक मागे, दोन्ही आपापल्या कामावर. मी दोरी निम्मी ताणली आणि माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. तिनं मान वर केली, जिभेनं नाक ओलं केलं, पुढचा पाय आपटला, आणि कुकरची शिट्टी पडता पडता राहावी तसा फुर्रर्र आवाज करून पांढरी शेपटी उभारून गेली. आदल्या रात्री आमटीला हिंगाची फोडणी होती. मैलभर परिसरातल्या हरणांना आमच्या घरचा बेत कळला असावा.

समजा वारा धार्जिणा निघाला. तरी वीस यार्डांपलीकडे घाई नको. दोरीचा आवाज बाणाच्या जवळजवळ चौपट वेगानं पोचतो, तेवढ्यात हरीण खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. बाण लागला तर लगेच उतरू नका. आता थट्टा पुरे. बाण रक्तस्रावानं मारतो, आणि मागे धावलात तर जखमी जनावर मैलभर जाऊन एकटं मरतं. निदान अर्धा तास थांबा. पानांवर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस. गर्द लाल असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय; सहा ते बारा तास थांबायचं, आणि त्या रात्री झोप लागत नाही. गुडघ्यांवर बसून पान पान बघत जावं लागतं. जनावर शेजारच्या शेतात पडलं, तर त्या शेजाऱ्याचंही दार वाजवावं लागतं. ते करायची तयारी नसेल तर परवाना काढू नका.

मला तिसऱ्या वर्षी एक मादी मिळाली. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत नोंद करायची असते, ती केली. २००२ सालापासून विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू पोखरणारा रोग सापडतो आहे, म्हणून तपासणीसाठी मुंडकं दिलं. निकाल यायला आठवडे लागतात, तोवर मटण फ्रीजरमध्ये राहू द्या. निकाल चांगला आला की म्हाताऱ्याचा वाटा आधी पोचवा, आणि घरी फोडणी बिनधास्त द्या.