घूंमास्तर

लग्नाच्या बँडची गाडी मध्येच 'घूंऽऽ' करायला लागली, की पंगतीतून उष्ट्या हाताने उठून वायरी चाचपायला जाणारा एक गृहस्थ गावोगाव असतो. नवरदेवापेक्षा त्याला घाई. आमच्याकडच्याला सगळे घूंमास्तर म्हणतात. त्यांच्याकडे गिटार आहे, पायाने दाबायची सहा पेडलं आहेत. अख्खं गाणं मात्र त्यांच्याकडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. आधी घूं जायला हवी ना!

गेल्या थंडीत आम्ही त्यांना तोरणमाळला नेलं. घाटात सगळे दरी बघत होते, मास्तर मांडीवरची पिशवी. खोलीतून यशवंत तलाव दिसत होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ करून पेडलं मांडली, बटण दाबलं. घूंऽऽऽ.

नाडी सापडलेल्या वैद्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

"हा पन्नासचा! ऐकू येस का तुले?"

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते. तीच कुठूनतरी गिटारीत झिरपते, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच आहे. मग तपास सुरू. एकेक पेडल काढायचं, घूं जाते का बघायचं. एकाच अडॅप्टरवर सहाही पेडलं जोडलेली. "एका चुलीवर सहा सुना! आवाज होणारच. प्रत्येकीला वेगळी चूल पाहिजे," असं म्हणून पुन्हा सगळ्यांना त्याच चुलीवर बसवलं, कारण दुसरी आणलीच नव्हती.

नंतर गिटार घेऊन ते खोलीभर फिरले. ट्यूबलाइटकडे तोंड केलं की घूं वाढे, तलावाकडे केलं की कमी होई. तारांवर तळहात ठेवला की जवळजवळ गप्प. उचलला की पुन्हा सुरू. "म्हणजे गिटारीचं अर्थिंग ठीक आहे. घूं आपलंच अंग गोळा करतं. माणूस हाच अँटेना!" हे सांगताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, कळलं नाही.

१९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइली जोडून घूं आपसात मारायची युक्ती काढली. तारांखालच्या त्या जोडीला, म्हणजे त्या पिकअपला, हमबकर म्हणतात. मास्तरांनी तो कधीच घेतला नाही. लव्हर यांचं नाव ते पोटावर पाय आणणाऱ्या माणसासारखं घेतात.

खोली सांभाळणारा मुलगा चहा ठेवून दारातच थांबला होता. "काका, आमच्या होळीच्या ढोलाला असं होत नाही," तो म्हणाला.

"त्याले वायर कुठे आहे?" मास्तर खेकसले.

तेवढ्यात वीज गेली. ट्यूब विझली, फ्रिज थांबला. मास्तरांनी अंधारातच शेवटच्या पेडलला ९ व्होल्टची बॅटरी लावली, छोटा ॲम्प्लिफायर सेलवर घेतला. घूं गेली! पार गेली. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच त्यांनी हात वर केला.

"किर्रर्र येस. बारीक आहे."

"मास्तर, रातकिडा आहे तो."

त्यांनी तरी दोन वायरी हलवून पाहिल्या. रातकिड्याला फरक पडला नाही.

"आता वाजवा ना," मुलगा म्हणाला आणि त्याने टॉर्च गिटारीवर धरली.

गिटारीला पाचच तारा होत्या. सहावी दोन वर्षांपूर्वी तुटली होती.