दहा पौंडांचे संस्थानिक

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स ह्या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने 1829 साली एकोणीस परगणे आखले आणि बजावले, वस्ती करायची ती ह्यांच्या आतच. आमचे स्क्वॉटरसाहेब, म्हणजे परवानगीविना सरकारी जमिनीवर ठाण मांडणारे मेंढीवाले, मेंढ्या हाकत थेट बाहेर पडले. मेंढ्यांना हद्द कळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. शेवटी 1836 मध्ये सरकारने हात टेकले: वर्षाला दहा पौंड भरा आणि हवे तेवढे चरा. हवे तेवढे म्हणजे किती, हे सरकारने विचारले नाही आणि साहेबांनीही आपण होऊन सांगितले नाही. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या माणसांना तर कुणीच काही विचारले नाही. ती आड आली तिथे बंदुका चालल्या. साहेब मात्र पुढे जन्मभर ‘ओसाड माळरान आम्ही वसवले’ असेच सांगत.

झाडाच्या सालींची झोपडी जाऊन दगडी बंगला आला, बैलगाडीतून हिंदकळत पियानोही आला. लोकर इंग्लंडला गेली की साहेबांची पत वाढे. मग ते मॅजिस्ट्रेट झाले. त्यांचा मेंढपाळ पळाला की खटला शेजारच्या साहेबांपुढे, शेजाऱ्यांचा पळाला की ह्यांच्यापुढे. न्याय कसा घरच्या घरी!

पुढची पायरी अर्थातच सिडनीचे विधिमंडळ. 1853 मध्ये विल्यम वेंटवर्थ नावाच्या पुढाऱ्यांनी वंशपरंपरागत सरदारांचे वरिष्ठ सभागृह सुचवले, तेव्हा साहेबांच्या घरी मानचिन्हावर मेंढा बसवायचा की मेंढी, ह्यावर खल सुरू झाला असणार. पण डॅनियल डेनिही नावाच्या तरुण वक्त्याने ह्या होऊ घातलेल्या सरदारांना ‘बनियिप सरदार’ म्हटले. बनियिप हा तिथल्या आदिवासींच्या गोष्टींतला, दलदलीत राहणारा राक्षस. सारे सिडनी हसले आणि सरदारकी बुडाली.

जमीन मात्र बुडाली नाही. 1861 चा, रॉबर्टसन नावाच्या पुढाऱ्यांचा कायदा म्हणाला, कुणीही 40 ते 320 एकर निवडा, एकरी एक पौंड, पाव रक्कम आधी. मुख्य अट अशी, तिथे राहायला हवे. साहेबांनी सभागृहात गरीब शेतकऱ्यासाठी गळा काढला आणि घरी येऊन स्वयंपाकी, कारकून, मेहुणा, लोकर कातरणारे, सगळ्यांच्या नावे नदीकाठचे तुकडे निवडले. बेनामी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाणी आपल्याकडे आले की मागची कोरडी जमीन घेणार कोण? राहण्याच्या अटीवरही तोड निघाली. झोपडीलाच चाके बसवली! इन्स्पेक्टर ज्या तुकड्यावर जाणार, त्याच्या आदल्या रात्री झोपडी तिथे हजर. इन्स्पेक्टरही समजूतदार. तो आधी बंगल्यावर जेवायला थांबे आणि बैलांना पुरेसा वेळ देई.