मालकांचं जातीने लक्ष

तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं जुनं घर आहे. त्यातल्या बाजूच्या खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी काढल्या आणि पाटीवर मी लिहिलं, 'घरगुती जेवण. मालकांचं जातीने लक्ष.' कारभाराची वाटणी सोपी. स्वयंपाक आणि गल्ला बायकोकडे, पाहुण्यांशी गप्पा आईकडे, व्यवस्थापन माझ्याकडे. म्हणजे मला कोणी काही सांगत नाही.

खोल्यांना नंबर देणं मला लॉजसारखं वाटलं, म्हणून 'मोह', 'पळस', 'तेंदू' अशी नावं दिली. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून वाघ दिसला नाही की पाहुणे आमच्याचकडे बघतात. निदान सेवेत कसर नको!

ऑक्टोबरात गेट उघडलं. 'मोह'मध्ये पुण्याचं जोडपं उतरलं. माडगूळकरांचं 'नागझिरा' वाचून आलेलं, हातभर लांब लेन्सवालं. 'पळस'मध्ये नागपूरचे तांदळाचे व्यापारी, धान बघायला आलेले. पहाटे चारला मी कंदील (वीज होती, पण वातावरण म्हणून) आणि आल्याचा चहा घेऊन 'मोह'चं दार वाजवलं. आतून 'क्या हुआ?' आलं. पुण्याचे लोक जंगलात आल्यावर हिंदी बोलतात, यात मला काही वावगं वाटलं नाही. चहा पाजला, कानटोपी दिली, पांघरूण गुंडाळून पाहुण्यांना जिप्सीत बसवलं. बाई येत नाहीत का, असं विचारलं, तर 'कौनसी बाई?' म्हणून ते खेकसले. नवरा-बायकोच्या भांडणात मालकाने पडू नये, म्हणून मी गप्प.

गेटवर परमिटावरचं नाव आणि ओळखपत्र जुळेना, तेव्हा ड्रायव्हरने फोन केला. मी आईला उठवलं.

"थे पुन्याचे रातीच पलीकडल्या खोलीत गेले," आई म्हणाली. "पंखा कुरकुरते मने. सेठजी म्हनले, मले चालते."

"मला का नाही सांगितलं?"

"तू झोपला होतास."

शेठजींनी उठवलंच आहे तर धान तरी बघू म्हणून जिप्सी वैनगंगेकडे वळवली. नऊला परतले ते भडकूनच. एका बांधीत दोन उंच, लाल डोक्याचे 'बगुले' फिरत होते, त्यांनी धान तुडवलं, असं म्हणत त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. सारस! महाराष्ट्रात उरलेले सारस बहुतेक आमच्याच जिल्ह्यात आहेत आणि ते बघायला लोक लांबून येऊन बांधावर दिवस काढतात. नुकतेच उठलेले पुण्याचे गृहस्थ तो फोटो बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या परमिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे त्यांना मलाच सांगावं लागलं, कारण गप्पांचं खातं असलेली आई नेमकी तेव्हा पूजेला बसली.

बायकोने दोघांचंही बिल अर्धं केलं आणि उरलेलं अर्धं माझ्या नावावर मांडलं. खोल्यांना आता नंबर आहेत आणि पंख्याला तेलही घातलंय. तेव्हा जरूर या. फक्त रात्री खोली बदललीत तर मला उठवून सांगा. आईला सांगू नका.