धाराशिव जिल्ह्यात चित्रपटवाल्यांची संघटना कशी काढावी : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

पायरी पहिली : सात माणसं जमवा. १९२६च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या मागितल्या होत्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही तोच आकडा ठेवला आहे. जिल्ह्यात तालुके आठ. प्रत्येकी एक माणूस घेतला तरी एक शिल्लक राहतो. त्याला काहीतरी पद द्या, नाहीतर विरोधी संघटना तोच काढेल.

सातांवर भागत नाही. त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातला जो आकडा कमी असेल तितके सभासद दाखवावे लागतात. म्हणजे आधी जिल्ह्यात चित्रपटवाले किती हे मोजायला हवं. नुसतं विचारत सुटू नका. ज्याच्याकडे ड्रोन आहे तो प्रत्येक जण 'डायरेक्टर' सांगतो.

पायरी दुसरी : सभासदांचे विभाग पाडा. मुंबईत हे काम झालेलं आहे. १९५६ सालच्या फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजच्या छत्राखाली दिग्दर्शक, छायालेखक, वेशभूषाकार अशा एकेका कामाच्या स्वतंत्र संघटना आहेत. आपल्याकडे हे सगळे एकाच मोटारसायकलवरून येतात, कारण तो एकच माणूस असतो. सकाळी उमरग्याला लग्न, दुपारी तुळजापूरला देवीच्या गाण्याचं शूटिंग, रात्री भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचं एडिटिंग. त्याने सात कामांच्या सात सह्या केल्या तरी सभासद एकच धरला जाईल.

पायरी तिसरी : मालक शोधा. मालकच नसेल तर भांडणार कोणाशी? अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३मध्ये १४८ दिवस संप केला, कारण समोर बडे स्टुडिओ होते. आपल्याकडचा निर्माता म्हणजे बहुधा दिग्दर्शकाचे वडील आणि भांडवल सोयाबीनचं. इथे संप पुकारला तर संध्याकाळची भाकर बंद होते. कायद्याने मालकांनाही संघटना काढता येते; त्यामुळे आपला माणूस दोन्हीकडे सभासद होईल आणि वर्गणी दोन्हीकडे थकवेल.

पायरी चौथी : नाव ठरवा. 'अखिल भारतीय' कोल्हापूरच्या मराठी चित्रपट महामंडळाने आधीच घेतलेलं आहे. 'मराठवाडा' घातलं तर लातूर आणि संभाजीनगरकडून अध्यक्षपदाचे उमेदवार येतील. 'धाराशिव जिल्हा' पुरे. नाव शिक्क्यात मावलं पाहिजे, एवढीच अट.

पायरी पाचवी : उद्घाटन करू नका. केलंत तर फ्लेक्सवर सभासदांपेक्षा मान्यवर जास्त होतील, आणि त्या कार्यक्रमाचं शूटिंग सभासदांनाच फुकट करावं लागेल.

पायरी सहावी : मागण्या लिहा. इथे मात्र घाई नको. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त चालणारं नाणं म्हणजे 'नाव होईल'. नळदुर्गच्या किल्ल्यात भर पावसाळ्यात, नर-मादी धबधब्यांच्या तुषारांत दिवसभर थर्माकोल धरून उभ्या राहिलेल्या पोराला हेच नाणं मिळतं. वर एक वडापाव. तो घसरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सिने कामगारांशी लेखी करार झालाच पाहिजे, असं १९८१च्या कायद्याने सांगितलं होतं. पण आपल्याकडे करार चहाच्या टपरीवर होतो आणि टपरीवरच मोडतो.

म्हणून मागणीपत्र आधी एकमेकांपुढे ठेवा. दिवसाचा रेट काय, तास किती, जेवण कोणाचं, प्रवासखर्च कोणाचा, पडला-झडला तर जबाबदारी कोणाची, पैसे कधी मिळणार, हे एका कागदावर लिहा आणि सगळ्यांनी त्यावर सह्या करा. मालक सापडला नाही तरी हा कागद उपयोगी पडतो, कारण आपला रेट पाडणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. परंड्याच्या पोराने पाच हजार सांगितले आणि कळंबच्याने त्याच कामाला दोन हजारांत हो म्हटलं, तर नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून काही उपयोग नाही.

या कागदाची पहिली परीक्षा चुलत मेहुण्याच्या लग्नात होईल. तो म्हणेल, "अरे, घरचंच काम आहे." तेव्हा न लाजता कागद पुढे करा. घरच्या कामाला दहा टक्के सूट द्यायला हरकत नाही. पण तीही लेखी, आणि निम्मे पैसे आगाऊ.