गिऱ्हाईक न होणारा माणूस

तात्यांना कुठल्याही दुकानात नेऊन उभं करा, पाचव्या मिनिटाला ते वस्तू उलटी करून बघतात. शर्टाची आतली बाजू, खुर्चीची खालची बाजू, सुटकेसचं अस्तर. दर्शनी बाजूबद्दल त्यांना काडीचं कुतूहल नाही; ती दुकानदारानं दाखवायलाच ठेवलेली असते. उलटी बाजू बघून झाली की ते फक्त ‘हं’ म्हणतात. काकूंना या ‘हं’ची धास्ती आहे. त्याचा अर्थ असतो, ‘घरी होईल.’

लोक तात्यांना चिक्कू म्हणतात. हा अन्याय आहे. चिक्कू माणूस पैसे वाचवतो. तात्यांनी घरी केलेल्या एकाही कामात पैसे वाचलेले नाहीत. घरी वाइंडिंग केलेला पंखा उलटा फिरला, तो सुलटा करायला कारागीर बोलवावा लागला. तात्यांची खरी अडचण निराळी आहे. त्यांना गिऱ्हाईक होणं सोसत नाही. समोरच्याला काहीतरी येतं, आपल्याला येत नाही, म्हणून आपण खिशात हात घालून उभे आहोत, यातच त्यांना कमीपणा वाटतो. त्यांची उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेली. ज्याचं ड्रॉइंग काढता येतं ते करता येतं, अशी त्यांची श्रद्धा. निवृत्तीनंतरही ती शाबूत होती. मग गाडीच्या सीटांचं कापड विरलं.

गाडीचं काहीही हवं असलं की पुणेकर नाना पेठ गाठतो. तात्याही गेले. मीही बरोबर होतो, कारण त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. दुकानदारानं चहा मागवला, “तासाभरात बसवून देतो साहेब,” म्हणाला, आणि नमुन्याचं कव्हर समोर टाकलं. तात्यांनी ते उलटं केलं. खिशातून सहा इंची पट्टी काढली.

“इंचाला सहाच टाके?”

“हो साहेब.”

“माझ्या सदऱ्याला बारा आहेत.”

“सदरा कापडाचा आहे साहेब. हे रेक्झिन आहे.”

तात्या ‘हं’ म्हणाले. चहा आला तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. येताना रिक्षात माझ्या मांडीवर रेक्झिनची गुंडाळी होती आणि पायांशी फोम.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी सीटची मापं घ्यायला सुरुवात केली. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीचे चारही दरवाजे उघडे, आत तात्या, बाहेर त्यांचे पाय. जाणारा-येणारा ‘काय शोधताय?’ विचारी आणि तात्या त्याला मोटारींचा इतिहास सांगत. त्यांच्या मते २०१४ हे वर्ष काळ्या शाईनं लिहून ठेवण्यासारखं. त्या जानेवारीत मारुती ८०० बंद झाली आणि मे महिन्यात अँबॅसेडर. “सरळ सीटांचं युग संपलं!” ते म्हणत. “पद्मिनीची सीट कशी? पाटाला पाठ लावली, झालं. अँबॅसेडरला तर कव्हरसुद्धा लागत नसे. पांढराशुभ्र टॉवेल टाकला की आत बसलेला माणूस साहेब. आणि आता? कंबरेला आधार, मांडीला आधार, खांद्याला आधार. माणसाला स्वतःची पाठ म्हणून काही राहिलीच नाही.” मग ते पुन्हा आत शिरत आणि त्या आधारांची त्रिज्या मोजत.

ड्रॉइंग मात्र देखणं झालं. उभा छेद, आडवा छेद, तिन्ही बाजूंचे देखावे आणि प्रत्येक माप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. हे ड्रॉइंग लोखंड कापायला दिलं असतं तर उत्तम सीट झाली असती. पण सीट फोमची. ती दाबली की दबते, म्हणून हे काम करणारे लोक कव्हर सीटपेक्षा जरा लहानच बेततात. मग ते ताणून बसतं. तात्यांनी बरोबर मापाचं बेतलं. बरोबर मापाचं कव्हर सीटवर ढगळ होतं, हे विज्ञान पिंपरीत शिकवत नसावेत. त्यातून सीटचं मूळ कापड आतल्या तारांना कड्यांनी ओढून धरलेलं असतं, त्यामुळे खोलगट भागात ते खोल जातं. वरून घातलेलं कव्हर खोल जायला तयार नसतं; ते या काठावरून त्या काठावर सरळ ताणलं जातं आणि मधली पोकळी झाकून टाकतं. तात्यांनी काढलेला कंबरेचा सगळा आधार त्या पोकळीत नाहीसा झाला.

हे सगळं टळलं असतं. पहिल्याच दिवशी मेथी निवडता निवडता काकू म्हणाल्या होत्या, “अहो, आधी मांजरपाटाचं करून बघा. अंगावर बसलं की मग रेक्झिनला कात्री लावा.”

काकूंची माहिती सांगायची राहिली. त्यांचं पायमशीन लग्नापासूनचं आहे आणि सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्याच्यावर शिवले गेलेत. गोलाईवर सपाट कापड सुरकुती न पडता कसं बसवायचं, चुण्या कुठे घ्यायच्या, कापडाचा उभा धागा कुठे ठेवायचा आणि आडवा कुठे, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तात्यांनी त्यांना जागेपणीही विचारलं नाही. काकूंना विचारणं म्हणजे घरातल्या घरात गिऱ्हाईक होणं.

“माया किती सोडलीत?” काकूंनी कापलेले तुकडे बघून विचारलं.

“ड्रॉइंगमध्ये माया नसते,” तात्या म्हणाले.

काकूंनी मेथीत मान घातली.

मग शिवण सुरू झाली. मशीनला ब्लाउजची १४ नंबरची सुई होती. रेक्झिनचे दोन थर, मध्ये फोम आणि कडेला पायपिंग असा डोंगर आला की ती कट्‌कन मोडायची. रेक्झिनला १८ नंबरची सुई लागते, ही माहिती तात्यांनी सुयांचं एक पाकीट संपवून मिळवली. पुढे रेक्झिन मशीनच्या दाबपट्टीला चिकटायला लागलं. सुई खालीवर होई, माल जागचा हलत नसे. त्यावर टाल्कम पावडर मारायची असते. तात्यांनी ती इतकी मारली की जिन्यात उभं राहिलं तरी कुणीतरी नुकतंच बाळाला न्हाऊमाखू घातलंय असं वाटे. रेक्झिनला टाचण्या लावत नाहीत, कारण पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून तुकडे धरायला कपड्यांचे चिमटे घेतले. घरचे पुरले नाहीत. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतले कपडे वाऱ्यानं बरेच फिरले.

टाक्यांच्या बाबतीत तात्यांनी नाना पेठेचा सूड उगवला. इंचाला बारा! शिवण दिसायला दृष्ट लागण्यासारखी. तात्यांनी ती मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, दोन्ही हातांनी ताणली, आणि पोस्टाच्या तिकिटांचा ताव फाटावा तशी ती टाक्यांच्या रेघेवर सरळ फाटली. जवळजवळ टाके घातले की रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि ताण आला की माल तिथेच सोडतो. दुकानदाराला हे ठाऊक होतं. तात्यांनी दोरा उसवला, टाका मोठा केला आणि मला म्हणाले, “इंचाला सहा हा माझा निष्कर्ष आहे.”

सगळ्यांत मोठा घोटाळा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचा. एका सीटचं बेतलं तेच दुसरीला घ्यायचं, हा तात्यांचा हिशेब. पण पाठ मागे घ्यायचा खटका एका सीटला उजवीकडे तर दुसरीला डावीकडे असतो. पट्ट्याच्या बकलचंही तसंच. साधं कापड असतं तर उलटं करून चाललं असतं. रेक्झिन एका बाजूनं काळं कुळकुळीत आणि दुसऱ्या बाजूनं पांढरी जाळी. तात्या दोन्ही उजवी कव्हरं मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, “अगं, पांढरी सीट कशी दिसेल?”

यानंतरची हकिगत मी वरून येणाऱ्या आवाजावरून सांगतो. दिवसा मशीन चाले ते ठेचकाळत: खडखड, मग शांतता, मग “अगं, सुई!” रात्री अकरानंतर मात्र तेच मशीन एका लयीत चालायचं, न थांबता, न अडखळता. सकाळी तात्या कव्हर हातात घेऊन खाली येत. “बघा! काल ही शिवण वाकडी वाटत होती. रात्रभर ठेवली की मुरते.” लोणचं मुरतं, गूळ मुरतो, रेक्झिनची शिवणही मुरते हा शोध ते पुढे सगळ्यांना सांगत सुटले. काकूंनी कधी तो खोडून काढला नाही. आधीच्या कव्हरांपेक्षा ही कव्हरं बोटभर लहान कशी झाली आणि तरी जास्त चांगली कशी बसली, हेही तात्यांनी विचारलं नाही. ड्रॉइंगवर त्यांनी लाल शाईनं ‘सुधारित आवृत्ती’ लिहिलं आणि खाली सही केली.

कव्हरं चढवायच्या दिवशी पार्किंगमध्ये वॉचमनसकट दहाबारा माणसं जमली. हे काम बघायला सोपं आहे. डोक्याच्या उशीखाली एका दांड्याशी बारीक खटका असतो; तो दाबून उशी उपसायची. कव्हर वरून घालायचं, पाठ आणि बैठक यांच्या फटीतून पट्टा मागे ओढायचा, सीटखालून पुढे घ्यायचा आणि बांधायचा. तात्यांनी खटका न दाबता उशी उपसायला सुरुवात केली. दहा माणसांनी दहा सल्ले दिले. खटका शेवटी तिसरीतल्या एका मुलानं दाबला. त्याचा हात तिथे सहज जात होता. पट्टा ओढायला तात्या मागच्या पायघडीवर पोटावर आडवे झाले आणि तिथून सूचना द्यायला लागले. कोण कुठला पट्टा कुठे ओढतंय, हे वॉचमन सोडून कुणालाच कळत नव्हतं. वॉचमननं गावाकडे बैलगाडीचं जू बांधलेलं होतं. त्यानं सगळ्यांना बाजूला केलं आणि बांधून टाकलं.

तेव्हापासून सोसायटीत ‘बसून बघा’ पर्व सुरू झालं. कुणी भाजी घेऊन येत असो की दवाखान्यात चाललेला असो, तात्या गाडीचं दार उघडत. बसून नुसतं ‘छान’ म्हणून भागत नसे; उतरताना उलटी बाजू बघावी लागे. एप्रिलात उन्हात उभ्या गाडीतलं रेक्झिन चटके देतं आणि घामेजल्या पाठीला चिकटतं. त्यावर तात्यांनी उत्तर शोधलं: कव्हरावर कव्हर. दिवाणखान्यातल्या जुन्या पडद्याचं, सुती, घाम टिपणारं. आता गाडीत बसलेला माणूस पडद्यावर बसतो, पडदा रेक्झिनवर, रेक्झिन फोमवर आणि फोम मूळ सीटवर. ब्रेक लागला की हे सगळे आपापल्या वेगानं पुढे सरकतात.

मुंबईचा भाचा आला तेव्हा त्यानं ‘टॅक्सी फॅब्रिक’ची गोष्ट काढली. २०१५ च्या सुमारास मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीटा आणि छत तरुण चित्रकारांनी रंगीबेरंगी नक्षीच्या कापडानं सजवले होते. लोक त्या टॅक्सींचे फोटो काढत. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चित्र ठीक आहे. शिवण कुणाची?” भाच्याला सांगता आलं नाही. तात्यांच्या लेखी विषय तिथेच मिटला.

हिशेबाची वही त्यांनी मला दाखवली आहे. नाना पेठेचा दर डावीकडे, घरचा खर्च उजवीकडे, आणि उजवीकडची रक्कम निम्म्यानं कमी. फाटलेलं रेक्झिन त्यात ‘प्रशिक्षण’ या सदरात गेलं होतं, मशीनची दुरुस्ती ‘घरखर्चा’त आणि सुया ‘किरकोळ’मध्ये. मजुरीचा रकाना कोरा होता. “घरच्या माणसाची कसली मजुरी?” तात्या म्हणाले. माणूस कोण, ते मी विचारलं नाही.

पुढे मुलानं नवी गाडी घ्यायचं ठरवलं. शोरूममधल्या पोरानं हौसेनं सांगितलं, “सर, सीट कव्हर आमच्याकडून फ्री.”

“कव्हर नको,” तात्या म्हणाले. “तेवढ्या किमतीचं कापड द्या.”

पोरगा गडबडला. “सर, या सीटांना घरची कव्हरं चालत नाहीत. साइड एअरबॅग आहे.” मग त्यानं सीटच्या दाराकडच्या कुशीत शिवलेली बारीक पट्टी दाखवली. धडक बसली की हवेची पिशवी त्या कुशीतून फुटून बाहेर येते. वरून घट्ट कव्हर असलं तर तिची वाट अडते. म्हणून अशा सीटांच्या खास कव्हरांना त्या जागी मुद्दाम कच्च्या दोऱ्याची शिवण घालतात. पिशवीचा दाब आला की तेवढीच शिवण क्षणात उसवली पाहिजे, आणि ती तशी उसवते याची बनवणाऱ्यानं चाचणी घ्यावी लागते.

तात्या घरी आले ते गप्पगप्पच. संध्याकाळी मी वर गेलो तर नव्या गाडीचं माहितीपुस्तक उघडं, चष्मा कपाळावर.

“पक्की शिवण घालायला मी काय काय केलं, तुम्ही पाहिलंत,” ते म्हणाले. “आणि हे म्हणतात, उसवेल अशी शिवा! नेमकी जागच्या जागी! हे ड्रॉइंगमध्ये दाखवायचं तरी कसं?”

काकू मशीनशी बसल्या होत्या. कुशीचा भाग पूर्ण उघडा ठेवून नुसती पुढूनमागून बांधायची कव्हरं त्यांनी मांजरपाटात बेतूनही टाकली होती. दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या, “त्यात एवढं काय? तेवढी एक शिवण तुम्ही घातली असतीत की.”

मी जमिनीकडे बघितलं. तात्यांचा चेहरा मात्र खुलला.

“ऐकलंत?” ते मला म्हणाले. “काही कामं माझ्याशिवाय होत नाहीत, हे आज पहिल्यांदा हिच्या तोंडून आलं!”