तीनशेसाठ साहेब

लॅपटॉप सगळेच उघडतात. साहेब तो उलटा करतात. मीटिंगला दोन-तीन नवे चेहरे असतील तर हमखास. आधी झाकण नेहमीसारखं वर येतं, मग सपाट होतं, आणि तिथे न थांबता खाली मागे जायला लागतं. या क्षणी नवख्यांपैकी कुणीतरी "अहो, अहो, तुटेल!" म्हणतो. यंत्राची निम्मी किंमत त्या "अहो"त वसूल होते. पडदा पूर्ण फिरून कीबोर्डच्या पाठीला टेकला की साहेब शांतपणे म्हणतात, "तीनशेसाठ." ऑफिसात त्यांचं नावही तेच पडलंय, कँटीनचा पोऱ्यासुद्धा "तीनशेसाठचा बिनसाखरेचा" अशी आरोळी देतो. त्यांची मतंही तेवढीच फिरतात, म्हणजे पूर्ण वळसा घालून जिथे होती तिथेच येतात, पण तो वेगळा विषय.

हा माणूस तुमच्याही ऑफिसात असणार. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, हुद्दा एजीएम किंवा डीजीएम. म्हणजे महागडा लॅपटॉप मागता येईल इतका मोठा, पण तो का हवा हे लेखी द्यावं लागेल इतका लहान. यंत्राचं नाव सांगत बसत नाही. लेनोवोचा थिंकपॅड एक्स-वन योगा, एचपीचा एलिटबुक एक्स-३६०, डेलचा लॅटिट्यूड टू-इन-वन, या कुळातला कुठलाही धरा. तेरा-चौदा इंचांचा स्पर्शाचा पडदा, सडपातळ बांधा, किंमत दीड लाखाच्या पुढे कुठेतरी.

बिजागरीचा इतिहास साहेबांना तोंडपाठ आहे. २००१ साली लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्सने टॅब्लेट पीसी दाखवला आणि पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारा पीसी हाच असेल, असं भाकीत केलं. पाच वर्षं गेली, लोक आपले साधे लॅपटॉपच घेत राहिले. त्या काळच्या फिरत्या यंत्रांत पडदा मधोमध एकाच खुंटीवर गर्रकन वळायचा. मग २०१२ साली विंडोज ८ आलं, त्याच्याबरोबर लेनोवोचा योगा बाजारात आला, आणि पडदा वळायचा सोडून पाठीमागे दुमडायला लागला. २०१४ च्या योगा ३ प्रोची बिजागरी घड्याळाच्या धातूच्या पट्ट्यावरून बेतलेली होती, तिच्यात ८१३ तुकडे होते. हा आकडा साहेब "आठ-एक-तीन" असा सुटा करून सांगतात. त्यांच्या स्वतःच्या यंत्रात ती बिजागरी नाही, दोन साध्या आहेत. पण घराण्याचा अभिमान असतोच की.

आता या यंत्राची रूपं चार. लॅपटॉप, तंबू, स्टँड आणि टॅब्लेट. साहेब चारही दाखवतात, वापरतात एक.

टॅब्लेटचंच घ्या. यंत्राचं वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान, आणि साधा आयपॅड अर्धा किलोही भरत नाही. लॅपटॉप म्हणून जे पिसासारखं, तेच हातात धरायची पाटी म्हणून धोंडा. चाकणच्या प्लांटमध्ये साहेब तो डाव्या हातावर घेऊन फेरीला निघतात. पहिल्या मशीनपाशी तो छातीशी असतो, तिसऱ्यापाशी पोटाशी, आणि पाचव्यापाशी सुपरवायझरच्या हातात. शिवाय उलटा केला की कीबोर्ड पाठीवर येतो आणि धरणाऱ्याच्या बोटांना कळा लागतात. त्या वेळी कळा बंद असतात हे माहीत असलं तरी बोटं अंग चोरतात. २०१६ च्या पहिल्या एक्स-वन योगात यावर तोड काढली होती, उलटा करताच कळांभोवतीची चौकट वर येऊन कळा सपाट व्हायच्या. साहेबांना हेही माहीत आहे. पाचव्या मशीनपाशी त्यांनी ते सुपरवायझरला सांगितलं, तेव्हा त्या बिचाऱ्याने फक्त "कुठे ठेवू, सर?" एवढंच विचारलं.

पेनाचा थाट निराळा. यंत्राच्या कुशीत एक खोबण, तिच्यात काडीएवढं पेन, तिथेच ते चार्ज होतं. दाबाच्या ४०९६ पातळ्या ओळखतं म्हणे. चित्रकाराने रेघ हळुवार ओढली तर बारीक, दाबून ओढली तर जाड. साहेब त्याने प्रवासखर्चाच्या व्हाउचरवर सही करतात. पीडीएफवर, ऐटीत, शेवटची रेघ लांब ओढून. मग अकाउंट्समधून फोन येतो, "सर, याची प्रिंट काढून त्यावर सही करून पाठवा ना, ऑडिटला लागते." साहेब प्रिंट काढतात आणि शिपायाच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतात.

कणखरपणाचाही त्यांना फार अभिमान. यंत्र अमेरिकन लष्कराच्या 'मिल-एसटीडी-८१०' या मानकाच्या चाचण्यांत उतरलंय: धक्के, हादरे, दमट हवा, धूळ, कडाक्याची थंडी. यातली मेख अशी की अमेरिकन लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. कंपन्या त्यातल्या चाचण्या निवडतात आणि स्वतः किंवा प्रयोगशाळेकडून करून घेतात. तरी मजबूत असतात ही यंत्रं, त्यात वाद नाही. पण साहेबांची रणनीती बघा. हे रणगाड्यात चालणारं यंत्र मखमली अस्तराच्या पाकिटात, ते पाकीट बॅगेच्या फुगीर कप्प्यात, आणि टेबलावर काढलं की चहाचा कप हातभर लांब. त्याला धूळ लागली ती एकदाच, प्लांटमध्ये, आणि तेव्हा साहेबांनी हातरुमाल काढून सगळी मीटिंग थांबवली होती.

मुंबईला जायचं असलं की सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. खुर्चीमागच्या फळीवर लॅपटॉप ठेवला की पुढच्याने पाठ मागे टाकली तरी पडदा चिमटत नाही, तंबू करून निभावतं, हा या जातीचा खरा उपयोग. पण स्पर्शाची काच चकचकीत, आणि खिडकी उजेडाची. लोणावळ्याच्या पुढे पडद्यावर घाट दिसतो, त्यात अंधुक साहेब दिसतात. एक्सेल दिसतं ते बोगदा आल्यावर. त्यामुळे साहेबांचा तिमाही आढावा बोगद्याबोगद्याने पुढे सरकतो.

त्यातून त्यांनी जास्तीचे पैसे मोजून तिरका कटाक्ष अडवणारा पडदा घेतलाय. एक कळ दाबली की समोरच्याला सगळं स्पष्ट, शेजारच्याला काळोख. एचपीने २०१६ मध्ये ही गोष्ट बिझनेस लॅपटॉपमध्येच बसवून दिली, मग इतरही आले. आता डेक्कन क्वीनच्या पासवाल्याला शेजारच्या पडद्यात डोकावू न देणं म्हणजे मूलभूत हक्कावर गदा. तो आधी मान वाकडी करतो, मग चष्मा पुसतो, मग न राहवून विचारतो, "बंद पडला का हो?" साहेब याच प्रश्नाची वाट बघत असतात. ते कळ दाबून दाखवतात, पुन्हा दाबतात, आणि कर्जतपर्यंत कंपनीचे गोपनीय आकडे त्या गृहस्थाला जवळपास पाठ झालेले असतात.

मुंबईत क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर जुना, व्हीजीएचा. या सडपातळ यंत्रांना ते रुंद भोक कुठून असणार? साहेब एक पाऊच काढतात. त्यात डोंगल, डोंगलचं डोंगल, हब, आणि कशाचं आहे ते आठवत नाही म्हणून जपून ठेवलेली एक केबल. लॅपटॉपची जी पातळाई जाहिरातीत दिसते ती या पाऊचच्या जिवावर.

ऑफिसातल्या आयटीच्या पोराशी त्यांचं फारसं जमत नाही. तिसऱ्या वर्षी मशीन जडावलं, साहेबांनी रॅम वाढवून मागितली. पोरगा म्हणाला, "सर, ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. घेतानाच डबल घ्यायला हवी होती." साहेब म्हणाले, "घेताना पेनाचे पैसे घातले."

या सगळ्या धामधुमीत साहेब ज्याचं नावही काढत नाहीत ते मला सांगितलंच पाहिजे. कीबोर्ड. थिंकपॅडचं घराणं १९९२ पासून ज्याच्यावर नाव कमावून आहे ती वस्तू. टेंडरच्या आदल्या रात्री साहेब चाळीस पानं बडवतात तेव्हा यंत्र साध्या लॅपटॉपसारखं सरळ बसलेलं असतं, कळा बोटाला नेमका जबाब देतात, टंकलेखनाच्या चुका कमी होतात, आणि माणूस दोन वाजताही चिडत नाही. माझ्या मते दीड लाखातले निम्मे इथेच फिटतात. पण कीबोर्ड बघून कुणी "अहो, अहो" करत नाही, त्यामुळे साहेबांना तो दिसतच नाही.

तीन वर्षं भरली आणि यंत्र आयटीकडे परत द्यायची वेळ आली. नव्याच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. साहेबांनी त्यात "टॅब्लेट व पेनचा दैनंदिन वापर" असं लिहिलं. आयटीच्या पोराने जुनं यंत्र तपासलं, चार्जर मोजला आणि खोबणीत नख घातलं.

"सर, पेन?"

खोबण रिकामी होती. साहेबांनी बॅग उलटी केली, पाऊच उलटा केला, शेवटी घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी कॉलेजात शिकवतात.

"माझ्या पर्समध्ये आहे," पलीकडून उत्तर आलं. "दिवाळीपासून. तुमच्याकडे हरवलं असतं."

"तुझ्याकडे कशाला?"

"अहो, रात्री तुम्ही झोपल्यावर मुलांचे प्रोजेक्ट तपासते ना त्याच्यावर. पडद्यावरच लाल शेरे मारता येतात, इतकं छान यंत्र आहे! तुम्हाला माहीत नव्हतं?" आणि मग जरा काळजीने, "परत देताय का? नवीन कधी मिळणार? शनिवारपर्यंत माझे अजून पस्तीस राहिलेत."